ओरडण्याची परवानगी

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या गृहसंस्थेच्या कार्यकारिणीकडून मला एक पत्र आलं. विषय : ‘रविवारी दुपारी तळघरात ओरडणे.’ मी नगरपालिकेच्या बांधकाम परवाना खात्यात बावीस वर्षं काढली आहेत. या काळात मी लोकांना शेकडो पत्रं पाठवली. तुमची गच्ची चाळीस सेंटिमीटर पुढे आली आहे, तुमची पडवी ही पडवी नसून खोली आहे, वगैरे. पण मला आलेलं असं हे पहिलंच पत्र. आणि गुन्हा कोणता, तर ओरडणे! मी! बसमधून उतरायचं असलं तरी मी घंटी दाबत नाही, दुसरं कुणी दाबेल म्हणून वाट बघतो आणि दोन थांबे पुढे जाऊन बर्फातून चालत परत येतो. हे आमच्या वोसच्या खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. माझी बायको रागना ते सगळ्यांना सांगते.

तेव्हा झालं काय, ते मी क्रमानं लिहितो. निवाडा वाचणाऱ्यानं करावा.

माझे सासरे तोर्स्टाइन वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, गेल्या शरद ऋतूत, मळा विकून वृद्धाश्रमात राहायला गेले. ट्रॅक्टर शेजाऱ्याला गेला, मेंढ्या बाजारात गेल्या, खुर्च्या आमच्याकडे आल्या, आणि माझ्या वाट्याला आली जॅमची एक बरणी. बरणीत करड्या रंगाचे, वाळक्या पापुद्र्यासारखे तुकडे होते. हे त्यांच्या घराण्याचं बिअरचं विरजण. आमच्याकडे नाताळची बिअर घरी करतात आणि तिला दुकानातलं यीस्ट लावत नाहीत. प्रत्येक घराचं आपलं विरजण असतं, गेल्या वर्षीच्या बिअरमधून काढून वाळवलेलं, आणि ते बापाकडून मुलाकडे जातं. तोर्स्टाइनना मुलगा नाही. एक मुलगी आहे, आणि त्या मुलीचा हा नवरा. त्यांनी बरणी माझ्या हातात ठेवली, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “एस्पेन, कोरडं ठेव.” बस्स. परतताना रागना गाडी चालवत होती आणि मी मांडीवर बरणी घेऊन असा बसलो होतो, की आमच्या मुलीला जन्मल्यावर इस्पितळातून घरी आणतानाही मी इतका ताठ बसलो नव्हतो.

तोर्स्टाइनची बिअर चवीला कशी असायची, हे मला विचारू नका. सासऱ्याच्या बिअरला चव नसते, मान असतो. एकोणीस नाताळ मी ती प्यालो आणि एकोणीस वेळा “वा!” म्हणालो.

आता ती मी करायची होती. नाताळच्या आदल्या संध्याकाळी सासरे आमच्याकडे जेवायला येणार आणि त्यांच्या पुढ्यात त्यांच्याच विरजणाची बिअर ठेवायची. काम एवढंच. “बाबांनी मळा दिला, जनावरं दिली,” रागना मला म्हणाली, “आता त्यांचं म्हणून एवढंच उरलंय. नीट कर हं.” नीट कर हं! हे वाक्य मी रोज खिडकीपलीकडल्या लोकांना ऐकवतो. ऐकणाऱ्याला ते कसं लागतं, ते मला तेव्हा कळलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाकडे साठ लिटरचं भांडं नसतं. पण आमच्या तळघरात सामायिक धुलाईघर आहे आणि तिथे चादरी उकळायचा तांब्याचा एक जुना हंडा आहे. त्यात चाळीस वर्षांत कुणी चादर उकळलेली नाही, तरी तो वापरायचा तर अर्ज करावा लागतो. अर्जात ‘वस्तूचा प्रकार’ या रकान्यात तीन चौकोन : कपडे, गालिचे, पडदे. मी चौथा चौकोन आखून ‘इतर’ असं लिहिलं. (माझ्याकडे कुणी असा चौकोन आखून आणला असता, तर मी अर्ज तिथेच परत केला असता, हे मान्य करतो.) कार्यकारिणीच्या अध्यक्षा गुन्वोरबाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी मला जिन्यात गाठलं.

“हे ‘इतर’ रंग सोडतं का?”

“थोडा. तपकिरी.”

“मग पांढऱ्या कपड्यांच्या दिवशी मिळणार नाही. शनिवार घ्या. नऊ ते तीन.”

त्यांना ‘इतर’ म्हणजे काय ते पक्कं माहीत होतं. अख्ख्या इमारतीला माहीत होतं, कारण तळमजल्यावरचा ओड्वार हा निवृत्त बसचालक माझ्या आधीच सगळ्यांना सांगून आला होता. ओड्वारनं आयुष्यात बिअर केलेली नाही. पण त्यानं चौतीस वर्षं बस चालवली आणि त्या बसमध्ये बिअर करणारी माणसं बसत, त्यामुळे त्याला सगळं येतं.

“आधी जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या आण,” तो म्हणाला. “पाण्यात उकळायच्या. तळाशीही अंथरायच्या, गाळणीसारख्या. दुकानात मिळत नाहीत. वर चढावर आहेत. चल, दाखवतो.”

चढावर कमरेइतका बर्फ होता. ओड्वार रस्त्यावर थर्मास घेऊन उभा राहिला आणि तिथून बोटानं उंचवटे दाखवू लागला. पहिला उंचवटा मी अर्धा तास उकरला. खाली धोंडा. “मग तो पलीकडचा,” ओड्वार म्हणाला आणि त्यानं स्वतःला कॉफी ओतली. पलीकडच्या उंचवट्याखाली एक बाक निघाला. बाकाच्या मागे घर होतं, ते मला बर्फात दिसलं नव्हतं. घरातून एक आजी बाहेर आल्या, त्यांनी माझे आभार मानले आणि म्हणाल्या, “नगरपालिकेनं या वर्षी लवकर माणूस पाठवला! आता पायऱ्याही मोकळ्या कर हो बाळ.” मी नगरपालिकेचाच माणूस असल्यामुळे मला खोटं बोलता येईना. मी पायऱ्या केल्या. तिसऱ्या उंचवट्याखाली जुनिपर निघालं. घरी आलो तेव्हा माझ्या भुवयांवर बर्फ जमला होता, आणि ओड्वार जिन्यात कुणाला तरी सांगत होता, “आम्ही दोघांनी फार खणलं आज.”

शनिवारी सकाळी नऊला मी हंड्यात पाणी आणि फांद्या घातल्या. दहा वाजता वाफेनं आगीची घंटा वाजली. बाहेर उणे चौदा अंश. इमारतीतली चौतीस माणसं सपाता घालून बर्फात उभी, आणि सगळी माझ्याकडे बघताहेत. आग नसल्याची खात्री झाल्यावर कार्यकारिणीनं तिथेच, उभ्याउभ्या, तातडीची सभा घेतली. (कोरम होता.) ठराव असा : आज बंद. उद्या रविवारी करावं, आणि धुलाईघराची खिडकी पूर्ण वेळ उघडी ठेवावी. ही अट माझी नव्हे, कार्यकारिणीची, हे ध्यानात घ्या. मी पुढे त्यावर येणार आहे.

त्यानंतर दिवसभर लोक दारावर येत राहिले आणि सल्ले देत राहिले. कुणी म्हणालं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, जास्त घाला, कुणी म्हणालं कमी. कुणी म्हणालं ढवळताना उजवीकडेच ढवळा. चौथ्या मजल्यावरच्या नवरा-बायकोनं दोन उलटे सल्ले दिले आणि माझ्या दारातच भांडण सुरू केलं. संध्याकाळपर्यंत मी सतरा सल्ले मोजले. मोजले असं म्हणतो, कारण पुढे या सतरांत एक सल्ला कसा नव्हता, ते सांगायचं आहे.

रविवारी सगळं सुरळीत चाललं. माल्ट भिजलं, काढा गाळला गेला, हॉप्सची कडू फुलं पडली, उकळलं. गोड, तपकिरी, जुनिपरच्या वासाचा काढा. तो मी एका मोठ्या पिंपात काढला आणि पिंप मागच्या दारी बर्फात नेऊन ठेवलं. आता विरजण लावायला काढा किती गार व्हायला हवा? मी वृद्धाश्रमात फोन केला.

“नुकत्याच काढलेल्या धारेच्या दुधाइतका,” सासरे म्हणाले.

“म्हणजे किती अंश?”

“दुधाला अंश नसतात. कोपर घाल.”

माझं कोपर बावीस वर्षं टेबलावर टेकलेलं आहे. त्याला धारोष्ण दूध काय माहीत! मी चांगलं थर्मामीटर विकत आणलं होतं. पिंपात बुडवलं, सदतीस भरले. सदतीस म्हणजे गाय. रागनानं आणि मी पिंप आत ओढलं.

आणि आता ते ओरडणं. विरजण टाकताना ओरडायचं असतं. का, ते मला ठाऊक नाही आणि ज्यांना ठाऊक आहे असं वाटतं त्यांनाही नाही. पण जेवढी मोठी आरोळी तेवढी बिअर जोरदार, आणि मुकाट्यानं टाकलं तर विरजण रुसतं, असं आमच्याकडे सगळे मानतात. मी बरणीचं झाकण काढलं, घसा साफ केला आणि “हो!” म्हणालो.

“हे काय?” रागना म्हणाली. “कुणाकडे पेन मागतोयस?”

“बरं, होऽ!”

“एस्पेन, बाबा ओरडायचे तेव्हा समोरच्या डोंगरावरच्या मेंढ्या उठून उभ्या राहायच्या.”

मग मात्र माझ्या आत काहीतरी सुटलं. धोंडा आठवला, बाक आठवला, सपाता घातलेली चौतीस माणसं आठवली, सतरा सल्ले आठवले. मी बरणी पिंपात उपडी केली आणि जो ओरडलो, तो आवाज माझाच आहे हे मलाही ओळखू आलं नाही. रागना भिंतीला टेकली. आणि खिडकी उघडी होती! ठरावानुसार उघडी होती!

अर्ध्या मिनिटात गुन्वोरबाई धावत खाली आल्या, एका पायात बूट, एका पायात सपात.

“कोण पडलं हंड्यात?”

“कुणी नाही. विरजण टाकलं.”

त्यांनी पिंपात पाहिलं. मधून अजून चांगली वाफ येत होती. मग माझ्याकडे पाहिलं. “किती गरम आहे?”

“सदतीस,” मी ताठ मानेनं सांगितलं. त्या आणखी थोडा वेळ वाफेकडे बघत राहिल्या आणि काही न बोलता वर गेल्या. मंगळवारी पत्र आलं.

पण पत्रापेक्षा वाईट गोष्ट पिंपात घडत होती. म्हणजे घडतच नव्हती. तोर्स्टाइनचं विरजण संध्याकाळी टाकलं की सकाळी फेस झाकण उचलतो. इथे सोमवारी सकाळी काही नाही. मी पिंपाला रागनाची गोधडी गुंडाळली. संध्याकाळी काही नाही. त्यावर माझा स्कीइंगचा कोट घातला. मंगळवारी मी पिंपाला कान लावून बसलो होतो तेव्हा ओड्वार आला, स्वतःचा पेला घेऊन. बिअर तयार व्हायच्या सुमाराला शेजाऱ्यांनी वास काढत बोलावल्याविना यायचं असतं, तसा आमच्याकडे रिवाजच आहे.

“आवाज येत नाही रे,” तो म्हणाला.

“हे शांत जातीचं आहे.”

“शांत? तोर्स्टाइनचं?” त्यानं पेला खिशात घातला. “वाजायला लागलं की हाक मार. म्हणजे, तू हाक मारलीस की ऐकू येतं म्हणा आम्हाला.”

तो गेल्यावर रागना पिंपाजवळ बसली. “थर्मामीटर कुठे घातलं होतंस?”

“कडेला.”

“बर्फ कुठे लागला होता?”

“...कडेला.”

“आणि विरजण कुठे टाकलंस?”

“मध्ये.”

“ढवळलं होतंस मोजण्याआधी?”

मी पिंपावरचा कोट नीट केला. मग म्हणालो, “आमच्या खात्यात हद्द कडेलाच मोजतात.”

ती हसली नाही. मध्ये काढा साठ-पासष्ट अंश असणार, आणि मी त्यात आख्खी बरणी ओतली होती. कितीतरी पिढ्यांचं विरजण, एका रविवारी, एका आरोळीत. “बाबांना सांगायचं नाही,” रागना म्हणाली. “त्यांचं तेवढंच होतं रे.” आणि मला एवढी लाज वाटली, की त्या भरात पत्राचा रागही काही वेळ विसरायला झाला. काही वेळच.

विरजण मेलं तर शेजाऱ्याकडून मागून आणायचं असतं. पण आता शेजारी दुकानातून डबे आणतात. आख्ख्या इमारतीत घरचं विरजण बाळगणारं एकच माणूस होतं. चौथ्या मजल्यावर, पितळी पाटी : गुन्वोर. जिच्या सहीचं पत्र माझ्या खिशात होतं तीच.

बुधवारी कामावरून आल्यावर मी रिकामी बरणी घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. बरणी मी पाठीमागे धरली होती. जणू काही त्यानं उपयोग होणार होता.

“उत्तर लेखी द्यायचं असतं,” त्या म्हणाल्या.

“पत्राबद्दल नाही आलो. म्हणजे पत्राबद्दल मला बरंच म्हणायचं आहे, खिडकी कुणी उघडी ठेवायला लावली इथपासून. पण ते नंतर.” मी बरणी पुढे केली.

त्यांनी बरणीकडे पाहिलं आणि दार पूर्ण उघडलं. “मेलं ना? मला वाफ बघूनच वाटलं होतं. अध्यक्ष म्हणून मी ओरडण्याच्या विरोधात आहे. पण विरजण मागायला आलेल्याला कुणी परत पाठवत नाही. या आत, बूट काढा.”

“वाटलं होतं, तर बोलला का नाहीत?”

“तोवर पडलं होतं. बोलून काय निघणार होतं? आणि तुम्ही ‘सदतीस’ असं म्हणालात, की माझीही छाती झाली नाही.”

त्यांनी फ्रीजरमधून, मासळीच्या वड्या आणि ब्लूबेरीच्या पिशव्या यांच्यामधून, एक पाकीट काढलं. त्यावर वर्ष, महिना आणि वजन, सगळं शिक्षिकेच्या अक्षरात. त्यातलं अर्धं माझ्या बरणीत घातलं. “अर्धं नेहमी मागे ठेवायचं. दगाफटका झाला तर असावं म्हणून. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही?”

सतरा सल्ले! उजवीकडे ढवळण्यापासून ते हंड्याभोवती शिट्टी न वाजवण्यापर्यंत सतरा! आणि त्यात हा एक नव्हता! मी गुन्वोरबाईंच्या स्वयंपाकघरात, पायांत नुसते मोजे घालून, रागानं बरणीचं झाकण आवळत उभा होतो. त्यांनी मला कॉफी दिली.

“काढा पुन्हा उकळा, नाहीतर आंबट होईल. हंडा उद्या देते. आणि ओरडण्याचं,” त्यांनी कार्यकारिणीचा कोरा कागद पुढे ओढला, “तेही नीट करून टाकू.” तो परवाना माझ्याकडे अजून आहे. ‘गाळा क्रमांक ३१, गुरुवार, १६.०० ते १६.०१. एक आरोळी. खिडकी बंद.’ सही, शिक्का. बावीस वर्षांत मी इतका चोख परवाना पाहिला नाही आणि हे म्हणताना मला आनंद होत नाही.

गुरुवारी मी काढा ढवळला, मध्ये मोजला, कडेला मोजला, तळाशी मोजला, शेवटी कोपरही घातलं. आरोळी परवान्याच्या हद्दीत दिली. शुक्रवारी पहाटे फेसानं झाकण उचललं होतं आणि धुलाईघराच्या जमिनीवरून तो कुणाच्या तरी मोज्यांपर्यंत पोचला होता. त्याचं वेगळं पत्र आलं. ते मी इथे घेत नाही.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी तोर्स्टाइन आले. कोट, टाय, केस पाण्यानं बसवलेले. टेबलावर खारवून वाळवलेल्या मेंढीच्या बरगड्या वाफाळत होत्या, शेजारी सलगमाचा लगदा, बटाटे. मी त्यांच्यापुढे लाकडी पेला ठेवला आणि बिअर ओतली. रागना बटाटा सोलत होती. सोललेलाच बटाटा ती पुन्हा सोलत होती.

सासऱ्यांनी वास घेतला. एक घोट घेतला. पेला खाली ठेवला. पुन्हा उचलला, दुसरा घोट घेतला आणि खिडकीबाहेर, बर्फाकडे, इतका वेळ बघत राहिले की मेणबत्तीचा एक थेंब गळून टेबलावर वाळला.

“हे कुणाचं?” त्यांनी विचारलं.

“तुमचंच,” मी म्हणालो.

“एस्पेन.”

“गुन्वोरबाईंचं,” मी म्हणालो, आणि मग माझ्या तोंडून सगळंच बाहेर पडलं : कडेचे सदतीस, मधले पासष्ट, आख्खी बरणी, आरोळी, पत्र. “मेलं ते. माझ्या हातानं. मला क्षमा करा.”

“बाबा,” रागना म्हणाली, “त्यानं मुद्दाम नाही हो केलं.”

“सगळं मेलं?” सासऱ्यांनी विचारलं. “कुठे थोडं उरलं नाही? बरणीच्या तळाशी वगैरे?”

“काही नाही.”

“बरणी धुतलीस?”

“उकळत्या पाण्यानं.”

त्यांनी श्वास सोडला. मोठा, लांब. मी टेबलाची कड धरली.

“देवा, सुटलो,” तोर्स्टाइन म्हणाले.

रागनाच्या हातातला बटाटा खाली पडला.

“साठ वर्षं प्यालो मी ती,” ते म्हणाले. “भिजलेल्या लोकरीसारखी लागायची. माझ्या बापालाही आवडायची नाही, पण त्याला त्याच्या बापानं दिली होती. स्वतःच्या हातानं ती संपवायची आम्हा दोघांचीही छाती झाली नाही. दर वर्षी वाटायचं, या वेळी बिघडेल. कुठली बिघडते! उंदरांनी बरणी फोडली एकदा, तरी जगली.”

“पण लोकं प्यायची की!” मी म्हणालो. “मी प्यायचो!”

“हो ना! तू दर वर्षी ‘वा!’ म्हणायचास. मला वाटायचं, माझ्याच जिभेत काहीतरी आहे.”

“मग मला दिलंत कशाला ते?” माझा आवाज चढला होता. रविवार नव्हता, पण सण होता, आणि परवाना नव्हता. “टाकून द्यायचं होतं! तुमच्या हातानं नाही, तर रागनाला सांगायचं होतं!”

“रागनानं ते नीट केलं असतं,” सासरे शांतपणे म्हणाले. “ती लहानपणापासून बघत आलीय. मी फार विचार केला, एस्पेन. सगळ्या नात्यागोत्यात माणूस शोधला. मला भरवशाचा माणूस हवा होता.”

रागना एवढी हसली की तिला उठून स्वयंपाकघरात जावं लागलं. तिथूनही ऐकू येत होतं. मी बसून होतो. धोंडा, बाक, आजींच्या पायऱ्या, उणे चौदा अंशात चौतीस माणसं, पिंपाला घातलेला माझा कोट, गुन्वोरबाईंच्या दारात मागे लपवलेली बरणी, तीन आठवड्यांची उडालेली झोप. आणि हे सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलं होतं. ठरवलं मात्र दुसऱ्यानंच होतं.

“ही चांगली आहे,” तोर्स्टाइन म्हणाले आणि त्यांनी रिकामा पेला माझ्यापुढे सरकवला.

मी ओतली. पण काठोकाठ नाही.